‘काय’ दिसला की प्रश्नच? इंग्रजी वाक्याचा प्रकार ओळखताना दरवर्षी होणारी तीच चूक

चाचणी दहा वाक्यांची होती. प्रत्येक वाक्यापुढे त्याचा प्रकार लिहायचा, एवढंच काम. शेवटची चिन्हं मी मुद्दाम काढून टाकली होती. आठवीतल्या एका मुलीचा कागद समोर घेऊन बसले आहे. ‘व्हॉट अ बिग स्नेक इट इज’ यापुढे तिनं लिहिलंय इंटरॉगेटिव्ह, म्हणजे प्रश्नार्थक. ‘डू नॉट टच द वायर’, इंटरॉगेटिव्ह. ‘हॅव सम टी’, इंटरॉगेटिव्ह. ‘आय डोन्ट नो व्हेअर ही लिव्हज’, तेही इंटरॉगेटिव्ह. दहात सात प्रश्न निघाले तिच्या हिशेबानं, आणि खरे प्रश्न होते दोन.

व्याख्या मात्र चारही प्रकारांच्या तोंडपाठ: विधान म्हणजे असर्टिव्ह, प्रश्न म्हणजे इंटरॉगेटिव्ह, आज्ञा म्हणजे इम्परेटिव्ह, उद्गार म्हणजे एक्स्क्लमेटरी. असर्टिव्ह म्हणजे काय, इम्परेटिव्ह म्हणजे काय, विचारलं की श्वास न घेता म्हणून दाखवते.

मी अमरावती जिल्ह्यात दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात संध्याकाळी घराच्या ओट्यावर आठवी ते दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. तलाठी, ग्रामसेवक भरतीच्या पेपरात इंग्रजी व्याकरण असतं, त्यामुळे गावातली मोठी पोरंही मागं येऊन बसतात. आठवीची मुलगी जी चूक करते तीच चूक पदवी झालेला पोरगाही करतो. राज्यातल्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० सालापासून आहे, म्हणजे हा पोरगा दहा-बारा वर्षं इंग्रजी वाचून आलेला. म्हणून ही चूक आळसाची नाही, असं मी ठामपणे म्हणते. तिला कारण आहे आणि कारण कळलं तर ती जाते.

आधी काय करू नये ते सांगते, कारण पहिली दोन वर्षं मी तेच केलं. व्याख्या परत पाठ करून घेतल्या. मग फळ्यावर शब्दांची यादी लिहिली: व्हॉट, व्हेन, व्हेअर, हाऊ, डू, डझ, हॅव, मे, हे आले की प्रश्न समजा. चुका वाढल्या. वरच्या कागदावरची सातही उत्तरं त्या यादीनुसार अगदी बरोबर आहेत, बघा. मुलीनं मी शिकवलेलंच लिहिलं होतं.

मूळ कुठं आहे

आपली मराठी वाक्याचा प्रकार बहुतेक वेळा शेवटी सांगते. ‘कापूस वेचला.’ ‘कापूस वेचला का?’ ‘कापूस वेच.’ कापूस जागचा हलला नाही. जे बदललं ते शेपटाशी बदललं. मराठी कान वाक्याच्या शेवटाकडे लागलेला असतो आणि तो तसाच असायला हवा.

इंग्रजीत शेवटाला काही होत नाही. ‘यू हॅव पिक्ड द कॉटन’ हे विधान, ‘हॅव यू पिक्ड द कॉटन’ हा प्रश्न. कॉटन दोन्हीकडे शेवटी, तसंच्या तसं. बदल झाला तो डोक्याशी, ‘यू’ आणि ‘हॅव’ यांनी जागा बदलल्या. मराठी कान शेवटी थांबून राहतो, तिथं काहीच ऐकू येत नाही, मग मूल घाईनं समोरचा एखादा ओळखीचा शब्द पकडतं. ‘डू’ दिसला, प्रश्न. ‘व्हॉट’ दिसला, प्रश्न.

आणि आपल्या विदर्भात यावर आणखी एक गाठ आहे. पुण्याकडं ‘जेवलास का?’ म्हणतात. आपल्याकडं ‘जेवला काय?’ म्हणजे आपल्या लेकरांच्या तोंडी ‘काय’ हा एकच शब्द तीन कामं करतो. ‘काय खाल्लं?’ इथं तो खराखुरा प्रश्नार्थक शब्द. ‘जेवला काय?’ इथं तो ‘का’च्या जागी, उत्तर हो किंवा नाही एवढंच. आणि ‘काय पाऊस पडला बावा!’ इथं प्रश्नच नाही, आश्चर्य आहे. इंग्रजीचा ‘व्हॉट’ यातली पहिली आणि तिसरी कामं करतो, दुसरं कधीच करत नाही. म्हणून आपली मुलं ‘जेवला काय?’चं ‘व्हॉट यू ईट?’ करतात, आणि ‘व्हॉट अ बिग स्नेक’ वाचलं की साप कोणता असं कोणीतरी विचारतंय असं त्यांना वाटतं. वर्गात मराठीत भाषांतर करून प्रकार ओळखा असं सांगितलं की हा ‘काय’ हटकून मधे येतो.

मुलांना मी एवढं सांगते की तुमची वऱ्हाडी चुकीची नाही. ‘जेवला काय’ हे पूर्ण बरोबर मराठी आहे. फक्त तिथल्या ‘काय’चा ‘व्हॉट’ करू नका. हे सांगितल्यावर मुलं मोकळी होतात. ज्याला आपली बोलीच अडचण आहे असं वाटतं, तो हात वर करत नाही.

चिन्ह झाका

पहिली गोष्ट, शेवटच्या चिन्हावर अंगठा ठेवायचा. पुस्तकात प्रश्नचिन्ह असतं, मुलं ते बघून उत्तर लिहितात आणि आपल्याला वाटतं की आलं. पेपरात चिन्ह काढलं की उघडं पडतं. मोडीतल्या जुन्या कागदांत प्रश्नचिन्ह नव्हतं, उद्गारचिन्हही नव्हतं. मराठीत ही चिन्हं एकोणिसाव्या शतकात इंग्रजीवरून आली, मेजर थॉमस कँडी यांचं नाव त्यासाठी घेतलं जातं. तरी त्याआधीचे लोक प्रश्न आणि हुकूम यांत गोंधळत नव्हते, कारण खूण वाक्याच्या आतच असते. इंग्रजीतही ती आत आहे. अंगठा ठेवला की ती शोधावी लागते.

एक रेघ, दोन रेघा

आता पेन्सिल घ्या. वाक्यातलं पहिलं क्रियापद शोधा, सहायक (‘डू’, ‘हॅव’, ‘विल’ असं मदतीचं क्रियापद) असलं तर सहायकच, आणि त्याखाली दोन रेघा मारा. मग त्या क्रियापदाला ‘कोण?’ विचारा. जो उत्तरात येईल तो कर्ता, त्याखाली एक रेघ. आता अर्थ विसरा. आधी एक रेघ आली की दोन, एवढंच बघा.

एक रेघ आधी, दोन नंतर: वाक्य सरळ. दोन रेघा आधी, एक नंतर: वाक्य उलट. दोन रेघा आहेत आणि एक रेघ कुठंच सापडत नाही: कर्ता गायब.

सरळ वाक्य विधान असतं. उलट वाक्य प्रश्न असतं. कर्ता गायब असेल तर आज्ञा, विनंती किंवा सल्ला, म्हणजे इम्परेटिव्ह. चौथा प्रकार, एक्स्क्लमेटरी, हाही सरळच असतो. फक्त त्याच्यापुढं ‘व्हॉट अ’ किंवा ‘हाऊ’सोबत एखादं विशेषण ठेवलेलं असतं.

त्याच मुलीला मी शेजारी बसवलं आणि सापाचं वाक्य परत दिलं. तिनं ‘इज’खाली दोन रेघा मारल्या, ‘इट’खाली एक.

“आधी कोण आलं?”

“‘इट’. सरळ हाय.” मग थांबून म्हणाली, “पण ताई, समोर ‘व्हॉट’ हाय ना.”

मी त्याच्याखाली लिहिलं, ‘व्हॉट इज इट’. तिनं रेघा मारल्या. दोन आधी, एक नंतर. ती दोन्ही ओळींकडं बघत राहिली. दोन्हीकडं ‘व्हॉट’, दोन्हीकडं ‘इट’ आणि ‘इज’. मी आणखी एक जोडी दिली: ‘हाऊ टॉल ही इज’ आणि ‘हाऊ टॉल इज ही’. शब्द तेच चार. पहिल्यात कोणाच्या तरी उंचीचं नवल, दुसऱ्यात उंची किती ती चौकशी. या वेळी तिनं रेघा मारल्याच नाहीत, नुसतं शेवटच्या दोन शब्दांवर बोट ठेवलं आणि उत्तर दिलं.

तुमच्या मुलाला एकच उदाहरण द्यायचं असेल तर हेच द्या. नियम दहा वेळा सांगून जे होत नाही ते या जोडीनं होतं. एक लक्षात ठेवा, उद्गारवाक्य बऱ्याचदा तुटकंच असतं: ‘व्हॉट अ कॅच’, ‘हाऊ ब्युटिफुल’. तिथं रेघा मारायला काहीच नसतं. पण ‘व्हॉट’नंतर लगेच ‘अ’ आला की ते नवलच आहे असं धरून चाला. अनेकवचन असेल तर हा ‘अ’ नसतो, जसं ‘व्हॉट लव्हली फ्लॉवर्स’.

आता ‘डू नॉट टच द वायर’. दोन रेघा ‘डू’खाली. कोणी हात लावायचा नाही? वाक्यात कोणी नाही. गायब, म्हणून इम्परेटिव्ह. ‘डू यू नो हिम’मध्ये ‘डू’च्या शेजारी ‘यू’ बसलेला आहे, म्हणून प्रश्न. ‘हॅव सम टी’ आणि ‘हॅव यू हॅड टी’ यांतही फरक तोच. कर्ता गायब असणं आपल्याला नवीन नाही. ‘बैस’, ‘पाणी आण’, ‘मधात बोलू नको’ यांत आपणही ‘तू’ म्हणत नाही. ‘प्लीज’ पुढं आला काय आणि मागं आला काय, प्रकार बदलत नाही. ‘लेट अस गो’ही इथंच बसवायचं. आणि ‘बॉइज, क्लोज द डोअर’ यातला ‘बॉइज’ कर्ता नाही, ती हाक आहे. हाकेखाली रेघ मारायची नाही.

सरावासाठी पुस्तक लागत नाही. दर्यापूरच्या रस्त्यावर उभं राहा. ट्रकच्या मागं ‘कीप डिस्टन्स’ लिहिलेलं असतं, इम्परेटिव्ह. ‘हॉर्न ओके प्लीज’ला क्रियापदच नाही, ते वाक्यच नाही. विजेच्या डीपीवरच्या पाटीवर ‘डेंजर’, तेही वाक्य नाही, तरी अर्थ सगळ्यांना कळतो. मोठी पोरं यावर बराच वेळ वाद घालतात, घालू द्या.

रेघा मारूनही अडतं ती ठिकाणं

‘आय डोन्ट नो व्हेअर ही लिव्हज.’ मुलं म्हणतात, मधात ‘व्हेअर’ आहे. इथं कर्ता-क्रियापदाच्या जोड्या दोन आहेत. प्रकार ठरतो तो मुख्य वाक्यावरून, आणि इथं ती पहिली जोडी आहे: ‘आय’, ‘डोन्ट’, सरळ, म्हणून विधान. इथं मराठी कामाला येते. ‘तो कुठं राहतो ते मला माहीत नाही’ असं कोणी म्हटलं तर आपण उत्तर देतो का? यात ‘कुठं’ आहे, पण विचारलेलं काहीच नाही. याच वाक्याचं पहिलं तोंड बदललं की प्रकार बदलतो: ‘टेल मी व्हेअर ही लिव्हज’ आज्ञा, ‘डू यू नो व्हेअर ही लिव्हज’ प्रश्न. आतला ‘ही लिव्हज’ तिन्हीकडं सरळच राहतो. ‘आय डोन्ट नो व्हेअर डझ ही लिव्ह’ ही जी चूक लिहिताना होते, तीही याच जागी दुरुस्त होते.

‘हू ब्रोक द पॉट.’ रेघा मारल्या तर ‘हू’खाली एक, ‘ब्रोक’खाली दोन. सरळ निघालं, पण आहे प्रश्न. कारण इथं विचारणारा शब्द स्वतःच कर्ता आहे. ज्याखाली एक रेघ मारली तोच शब्द ‘हू’, ‘व्हॉट’ किंवा ‘विच’ निघाला तर तो प्रश्नच.

‘नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द बॉइज रॅन आउट.’ दहावीच्या मुलांना हे वाक्य नवीन नाही, आणि रेघा मारल्या तर ते चक्क उलट आहे. ‘नेव्हर हॅव आय सीन सच अ क्राउड’ही उलट. ही दोन्ही विधानं आहेत. नकाराच्या अर्थाचा शब्द उचलून सगळ्यात पुढं ठेवला की इंग्रजी सहायक क्रियापदाला कर्त्याच्या आधी ओढते. म्हणून उलट दिसलं तरी एकदा अगदी पहिला शब्द बघायचा: तो ‘नो सूनर’, ‘नेव्हर’, ‘हार्डली’, ‘सेल्डम’ असेल तर विधान.

‘मे यू लिव्ह लाँग’ हा आशीर्वाद आहे. काही पुस्तकं त्याला ऑप्टेटिव्ह म्हणून पाचवा प्रकार देतात, काही चारच प्रकार मानून उद्गारात घालतात. तुमच्या पुस्तकात काय आहे ते बघून तसंच लिहा. यावरून मुलाला रागावू नका.

‘हू डझ नॉट नो गाडगे बाबा.’ गाडगेबाबा आपल्याच शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे, १८७६ चा जन्म. त्यांचं कीर्तन म्हणजे प्रश्नांची माळच असायची. समोरच्यांना विचारत जायचे आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घ्यायचे. त्यातले कितीतरी प्रश्न उत्तरासाठी नसायचे, विचारण्यातच सांगणं असायचं. हे वाक्य तसंच आहे. अर्थ ‘एव्हरीबडी नोज गाडगे बाबा’ असा, पण प्रकार विचारला तर बांधणी बघायची: इंटरॉगेटिव्ह. अर्थ न बदलता विधान करा असं विचारलं तरच दुसरं वाक्य लिहायचं, आणि तेव्हा ‘नॉट’ जातो हे विसरायचं नाही. ‘कुड यू क्लोज द डोअर’चंही असंच, मनात विनंती आणि अंगावर प्रश्नाचे कपडे.

नकारार्थी हा वेगळा पाचवा-सहावा प्रकार आहे का, हे हमखास विचारलं जातं. या चार प्रकारांच्या यादीत तो बसत नाही. नकार विधानात येतो, प्रश्नात येतो, आज्ञेतही येतो. ‘डू नॉट टच’ आज्ञाही आहे आणि नकारार्थीही.

सिंपल, कंपाउंड, कॉम्प्लेक्स

ही दुसरी वाटणी, आणि ती वरच्या चार प्रकारांत मिसळायची नाही. इथली नेहमीची चूक म्हणजे लांब वाक्य दिसलं की कॉम्प्लेक्स लिहायचं. ‘आफ्टर सेलिंग हिज कॉटन इन द मार्केट यार्ड, माय फादर केम होम बाय द लास्ट बस.’ एवढं लांब, पण सिंपल. कारण ज्याला काळ आहे असं क्रियापद एकच, ‘केम’. ‘सेलिंग’ मोजायचं नाही. मराठीत ‘कापूस विकून बाप घरी आला’ म्हटलं तर ‘विकून’ आपण मोजतो का? नाही, ते केवल वाक्यच. आपलं ‘विकून’, ‘विकायला’, ‘विकलेला’ म्हणजे त्यांचं ‘सेलिंग’, ‘टू सेल’, ‘सोल्ड’. हे ज्याला मराठीत कळलंय त्याला इंग्रजीत नव्यानं शिकावं लागत नाही.

क्रियापदं दोन निघाली तर जोडणारा शब्द बघायचा. ‘अँड’, ‘बट’, ‘ऑर’, ‘सो’ असेल तर कंपाउंड, आपलं संयुक्त. ‘बिकॉज’, ‘व्हेन’, ‘इफ’, ‘दो’, ‘हू’, ‘विच’ असेल तर कॉम्प्लेक्स, आपलं मिश्र. ‘अँड’ नुसत्या दोन नामांमधे असेल, ‘कॉटन अँड तूर’ असा, तर त्याचा काही संबंध नाही. आणि आपल्याकडं ‘जरी’ आला की ‘तरी’ येतोच, म्हणून मुलं ‘दो’ लिहून पुढं ‘बट’ही लिहितात. इंग्रजीत या दोघांपैकी एकालाच बसायला जागा असते.

मागच्या आठवड्यात त्याच मुलीची परत दहा वाक्यांची चाचणी घेतली. कागदावर सगळीकडं पेन्सिलच्या रेघा होत्या. नऊ बरोबर आले. चुकलं ते ‘हिअर कम्स द बस’. तिनं ‘कम्स’खाली दोन रेघा मारल्या होत्या, ‘बस’खाली एक, आणि लिहिलं होतं इंटरॉगेटिव्ह. मी समजावायला लागले तशी तीच म्हणाली, “काऊन ताई, उलट हाय ना? तुम्हीच त सांगतलं.”

तिचं बरोबर होतं, माझा नियम अपुरा होता. प्रश्नात कर्त्याच्या आधी जातं ते सहायक क्रियापद: डू, डझ, डिड, हॅव, हॅज, हॅड, विल, कॅन आणि त्यांची भावंडं, किंवा मग ॲम, इज, आर, वॉज, वेअर. ‘कम’, ‘गो’, ‘स्टँड’ यांच्यासारखं साधं क्रियापद आजच्या इंग्रजीत प्रश्नासाठी पुढं जात नाही. ते पुढं दिसलं आणि वाक्याच्या तोंडाशी ‘हिअर’ किंवा ‘देअर’ असलं तर विधान. ‘देअर इज अ वेल’मध्ये एक रेघ ‘देअर’लाच द्यायची, म्हणजे ते सरळ निघतं, आणि ‘इज देअर अ वेल’ उलट. मी तिला तो गुण दिला, आणि दुसऱ्या दिवशी हा भाग फळ्यावर तिच्याच हातानं लिहून घेतला.